क्रॅपीचे जिग, फ्लोट, गळ आपल्याकडे कशासाठी वापरता येतील? (ठाणे खाडी आणि तलाव)

ऐरोलीचा_गळवाला

नमस्कार मंडळी. क्रॅपी (तिकडचा गोड्या पाण्यातला मासा) पकडायचा एक पूर्ण डबा अमेरिकेहून आलाय. १/३२, १/१६ आणि १/८ औंसाचे जिगहेड, म्हणजे शिश्याचं डोकं असलेले गळ आहेत. त्यांवर चढवायच्या दोन इंची रबराच्या ट्यूब आणि कर्ली टेल (वळणदार शेपटाची) आहेत, पांढऱ्या, पोपटी, गुलाबी आणि काळ्या-पोपटी. थोडे पिसांचे मॅराबू जिग, सोनेरी बारीक तारेचे ४ आणि २ नंबरचे गळ, सरकते फ्लोट, मणी, फ्लोट ठरलेल्या खोलीवर अडवणारे स्टॉपर. सोबत सहा फुटी अल्ट्रालाइट रॉड आणि १००० साइजचं रीळ, त्यावर ६ पाउंडाची तंगूस (नायलॉनची दोरी).

क्रॅपी आपल्याकडे नाही, ते ठाऊक आहे. पण यातलं काय चिलापीला चालेल, काय खाडीत जिताड्याला चालेल, आणि कुठे सरळ कोळंबी किंवा पिठाची गोळीच बरी? रंग कोणता लावायचा? यूट्यूबवर सगळे तिकडच्या तळ्यांचं सांगतात. आपल्या गढूळ खाडीला त्यातलं किती लागू होतं ते कळत नाही.

---

तंगूस_आणि_शिसं

डबा चांगला आहे. फक्त त्यातली प्रत्येक वस्तू एका विशिष्ट तोंडाच्या माशासाठी बनलेली आहे, म्हणून आधी ते तोंड समजून घ्या.

क्रॅपी दोन, पांढरा आणि काळा, दोन्ही मूळचे उत्तर अमेरिकेतले. तोंड मोठं पण कडेची कातडी कागदासारखी पातळ, त्यामुळे जोराचा झटका दिला की गळ फाडून बाहेर येतो. म्हणून तिकडे मऊ रॉड, ४ ते ८ पाउंडाची लाइन आणि बारीक तारेचा गळ. डोळे वर बघणारे, सवय खालून वर येऊन खायची. आमिष माशाच्या थोडं वर हवं. खाली गेलं की तो बहुतेक वेळा वळूनही बघत नाही. पाण्यात बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत थव्याने अधांतरी थांबतो आणि छोटे मासे खातो. म्हणून लहान जिग आणि ठरलेल्या खोलीवर टांगून ठेवणारा सरकता फ्लोट. बारीक तारेचा आणखी एक फायदा म्हणजे फांदीत अडकला तर ओढून सरळ होतो, सुटतो, आणि पकडीने पुन्हा वाकवून वापरता येतो.

आता आपल्याकडची तोंडं बघा.

चिलापी: तोंड लहान, सरळ पुढे. मोझांबिक चिलापी आपल्या देशात १९५२ मध्ये आणली गेली. गोड्या पाण्यात राहते तशी खाऱ्यातही तगते, म्हणून तलावात दिसते आणि खाडीच्या कडेच्या डबक्यांतही. मुख्य खाणं शेवाळ आणि गाळातलं बारीकसारीक. शिकार म्हणून ती जिगच्या मागे फारशी लागत नाही. पण नर उथळ पाण्यात तळाशी बशीसारखा खड्डा करून त्याची राखण करतो, आणि त्या खड्ड्यात उतरलेली कोणतीही लहान वस्तू तोंडाने उचलून बाहेर टाकतो. तुमचा १/३२ चा जिग कामाला येतो तो इथे. दोन इंची रबर कापून एक इंच करा, खड्ड्याच्या पलीकडे टाका, हळू ओढत आणून खड्ड्यात सोडा आणि हलवू नका. लाइन आडवी सरकली की फक्त मनगट उचला. खड्डे दिसत नसतील तर जिग गुंडाळून ठेवा आणि पीठ मळा.

बोय: जिग विसरा. तळाचं शेवाळ आणि गाळ चाटून खाणारा मासा. १२ नंबरचा गळ आणि ब्रेडचा गर, बास.

शिंगाळा: तोंड खालच्या बाजूला, मिशा चार बाजूंना. हा वासावर येतो. रबरावर क्वचित लागला तरी तो योगायोगच. तळाला टेकलेली कोळंबी किंवा बोंबलाचा तुकडा द्या.

जिताडा: खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आलेला असतो. म्हणजे हाही क्रॅपीसारखा खालून वर बघून खाणारा, दबा धरून बसणारा. फक्त तोंडाची ताकद आणि अंगाचं वजन यांची तुलनाच नाही. तुमच्या डब्यातली युक्ती जिताड्याला लागू पडते, सामान लागू पडत नाही. १/८ औंसाच्या जिगचा गळसुद्धा किलोभराच्या जिताड्याने पहिल्या उडीत सरळ होऊ शकतो.

तांबोशी: तोंडाचा प्रश्न नाही, प्रश्न घराचा. घेतल्या घेतल्या मुळांत किंवा दगडांत शिरते. ६ पाउंडाच्या तंगूसवर तिच्या वाटेला जाऊ नका.

वजनांचा हिशोब ग्रॅममध्ये ठेवा, इथल्या दुकानात तसंच बोलतात. १/३२ म्हणजे साधारण ०.९ ग्रॅम, १/१६ म्हणजे १.८, १/८ म्हणजे ३.५ आणि १/४ म्हणजे ७. गळाचे नंबर उलटे चालतात, १२ पेक्षा ८ मोठा, ८ पेक्षा २ मोठा. पण १ च्या पुढे १/०, २/०, ३/० असे वाढत जातात. तुमचा ४ नंबर चिलापीच्या तोंडाला मोठा आहे. तिला ८ किंवा १० लागतो.

---

कोळंबी_डॉट_खाडी

आमिषांचं मी लिहितो. आमच्या भागात पहिली चूक इथेच होते.

चिलापीसाठी पीठ: १ वाटी कणीक, पाव वाटी बेसन, २ चमचे सुक्या जवळ्याची बारीक पूड. पाणी थोडं थोडं घालत पुरीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा. मग खरी गोष्ट: चिमूटभर कापूस पिंजून त्यात मिसळा आणि पुन्हा मळा. कापसाचे तंतू गोळी धरून ठेवतात, नाहीतर लहान चिलाप्या दोन मिनिटांत गळ धुऊन नेतात. आणखी टिकाऊ हवं तर गोळा फडक्यात बांधून दहा मिनिटं वाफवा, निवल्यावर परत मळा. गोळी वाटाण्यापेक्षा मोठी करायची नाही, आणि गळाचं टोक जेमतेम झाकलं जाईल अशी लावायची. फ्लोट नाचतोय पण मासा लागत नाही अशी तक्रार करणाऱ्यांच्या गळावर जवळपास नेहमी लिंबाएवढा गोळा असतो.

गांडूळ चिलापीला उत्तम, पण अख्खं लावू नका. दोन सेंटिमीटरचा तुकडा, दोनदा टोचून, शेपटाकडचं अर्धा सेंटिमीटर मोकळं. खाऱ्या पाण्यात गांडूळ लवकर पांढरं आणि मऊ पडतं, म्हणून खाडीत दर दहा मिनिटांनी बदला.

जिवंत कोळंबी म्हणजे खाडीतलं एक नंबरचं आमिष. बोटाएवढी पुरे. लावायची दोन ठिकाणं. एक, डोक्यावरच्या करवतीसारख्या काट्याच्या बुडाशी. कोळंबी उजेडात धरली की डोक्यात एक काळपट डाग दिसतो. गळ त्या डागाच्या पुढून, काट्याखालून आडवा न्यायचा. डागाला टोचलं की कोळंबी तिथेच मेली. फ्लोटखाली असंच लावा, ती पोहत राहते. दोन, शेपटाच्या शेवटून दुसऱ्या पेरातून, जेव्हा शिसं लावून लांब फेकायचं असतं. डोक्यात लावलेली कोळंबी जोराच्या फेकीत सुटून उडते.

मेलेली कोळंबी असेल तर डोकं काढा, शेपटाकडून गळ घालून अंगाच्या वळणाप्रमाणे सरकवा आणि टोक पोटाकडून बाहेर काढा. वाकडी बसली तर ओढताना भिंगरीसारखी फिरते आणि तंगूसला पीळ पडतो. शिंगाळ्यासाठी सालासकट ठेवा, सोललेली पाच मिनिटांत खेकडे पळवतात.

कोळंबी जिवंत ठेवण्यात लोक हरतात. बादलीत खाडीचंच पाणी घ्या, नळाचं नको, क्लोरीनने मरते. सेलवर चालणारा हवेचा पंप लावा. दहा लिटरला वीस-पंचवीसपेक्षा जास्त कोळंब्या नकोत. एप्रिल-मेच्या उन्हात पाणी तापलं की प्राणवायू कमी होतो, म्हणून बर्फाची बंद बाटली फडक्यात गुंडाळून बादलीत सोडा. बर्फ थेट पाण्यात टाकू नका, खारेपणा एकदम बदलतो. मेलेली दिसली की लगेच काढा.

बोयची लहान पिल्लं म्हणजे क्रॅपीला लावतात त्या मिनोचं (बारीक आमिष-माशाचं) इथलं भावंड. दोन्ही ओठांतून खालून वर गळ घातला तर ओढत आणता येतं. पाठीवरच्या पंखाच्या बुडाशी, मणक्याच्या वर लावलं तर फ्लोटखाली जागच्या जागी तडफडत राहतं. मणक्याला लागलं की संपलं.

आणि थाई मांगूर कुणी आमिष म्हणून आणलं तर घेऊ नका. त्याच्या पैदाशीवर आणि विक्रीवर बंदी आहे, आणि पाण्यात सुटला तर बाकीचे मासे फस्त करतो.

---

भांगाचं_पाणी

वरच्या दोघांनी मासा आणि आमिष सांगितलं. खाडीत तिसरी गोष्ट असते, आणि क्रॅपीच्या व्हिडिओत ती नसते, कारण तळ्याला भरती-ओहोटी नाही.

मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. ओहोटीपासून भरती पूर्ण व्हायला साधारण सव्वासहा तास. पण पाणी सारख्या गतीने चढत नाही. ढोबळ हिशोब असा: पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. चार मीटरच्या भरतीला तिसऱ्या तासात पाणी एक मीटर चढतं.

याचा तुमच्या सरकत्या फ्लोटशी थेट संबंध आहे. तळापासून अर्धा मीटर वर कोळंबी टांगून बसलात आणि स्टॉपर हलवला नाही, तर तासाभराने ती तळापासून दीड मीटर वर असते. मग "मासे गेले" असं वाटतं. गेलेले नसतात, तुमची कोळंबी वर गेलेली असते. मधल्या दोन तासांत दर पंधरा मिनिटांनी स्टॉपर वीत-सव्वावीत सरकवा. ओहोटीला उलटं, नाहीतर कोळंबी तळाच्या चिखलात जाऊन पडते.

खोली मोजायची पद्धत: गळाला तात्पुरतं जड शिसं अडकवा आणि टाका. फ्लोट बुडाला तर स्टॉपर वर घ्या, आडवा पडला तर खाली. फ्लोट उभा राहून शेंडा जेमतेम बाहेर दिसला की तीच खोली. मग शिसं काढा. शेवटी चिमटीच्या शिश्याने फ्लोटचा तोल असा लावा की एक सेंटिमीटरच शेंडा पाण्यावर राहील. लिंबाएवढा फुगीर फ्लोट चिलापीला जड जातो. तिला ओढ जाणवते आणि ती गोळी थुंकते.

जिगच्या वजनाचंही तेच. तलावातल्या साचलेल्या पाण्यात ०.९ ग्रॅमचा जिग सुंदर पडतो. वाहत्या खाडीत तो तळ बघतच नाही, पाणी त्याला पतंगासारखं वर उचलून नेतं. खाडीत ७ ग्रॅमपासून सुरुवात करा, मधल्या तासांत १४ ग्रॅम किंवा जास्त. काठाशी दिसेल इतक्या खोलीत जिग सोडून तळाला टेकायला किती आकडे मोजावे लागतात ते बघा, आणि मग दूर टाकून तेवढेच आकडे मोजा. तळ जाणवला नाही तर वजन वाढवा. नवीन लोक रंग बदलत बसतात आणि वजनाला हात लावत नाहीत.

वेळ: जिताड्यासाठी ओहोटी लागल्यानंतरचे दोन तास, जिथे छोटा नाला किंवा तिवरांतली चर मोठ्या खाडीला मिळते तिथे. पाणी ओसरताना कोळंबी आणि पिल्लं त्या तोंडातून बाहेर पडतात आणि जिताडा कडेच्या संथ पाण्यात तोंड करून उभा असतो. प्रवाहात नाही, प्रवाहाच्या कडेला. आमिष वरच्या अंगाला टाकून पाण्याबरोबर त्या रेषेवरून येऊ द्या. शिंगाळा भरती चढताना उथळावर येतो.

भरतीची वेळ काढायला तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती. हे मुंबई बंदराच्या आसपासचं गणित; खाडीत जितके आत याल तितकी ती उशिरा पोचते, ऐरोलीला वाशीपेक्षा उशिरा. अष्टमीच्या आगेमागे भांगाचं पाणी, म्हणजे फरक कमी, ओढ कमी, पाणी जरा स्वच्छ. तुमच्या हलक्या रॉडला तेच दिवस बरे. उधाणाला खाडी चहासारखी गढूळ असते.

---

रंगारी_कर्लीटेल

रंगाला इतकं उडवून लावू नका. गढूळ पाण्यात पोपटी आणि पांढरा लांबून दिसतो, हे तिकडच्या तळ्याला लागू तसं इथेही लागू. संध्याकाळी आणि ढगाळ दिवशी काळा घ्या, वरच्या उजेडावर त्याची आकृती ठसठशीत दिसते. गुलाबी पेटीतच राहू दे, तो तलावात खड्ड्यावरच्या चिलापीला चिडवायला बरा.

---

भांगाचं_पाणी

रंगाचं पटलं, पण क्रम लक्षात ठेवा: खोली, वेग, आकार, मग रंग. खाडीत एक हाताच्या पलीकडचं दिसत नसेल तर मासा पाण्यातल्या थरथरीवर येतो. म्हणून कर्ली टेलपेक्षा जाड शेपटाचं, मागे चकती असलेलं पॅडल टेल जास्त चालतं. कर्ली टेलची थरथर बारीक असते. तुमच्या ट्यूबला शेपूटच नाही, ती स्वच्छ पाण्यातली वस्तू.

---

ऐरोलीचा_गळवाला

फारच उपयोगी. दोन शंका. जिताड्यासाठी याच रॉडवर काही बदल करून काम होईल का, की वेगळाच सेट घ्यावा? आणि जिग टाकला की तंगूसला पीळ पडून गुंता होतो, रबर लावण्यात काही चुकतंय का?

---

तंगूस_आणि_शिसं

पीळ आधी. रबर गळावर वाकडं बसलंय. रबर गळाच्या शेजारी धरा आणि वाकाच्या तळाशी जिथे येतं तिथे नखाने खूण करा. नाकातून मधोमध टोचा, खुणेपर्यंत आतून सरळ न्या आणि तिथून टोक बाहेर काढा. वर-खाली दोन्हीकडून बघितलं तर रबर सरळ रेषेत हवं. पोट फुगलं किंवा शेपूट वळलं तर काढून पुन्हा लावा, कारण वाकडं रबर गोल गोल फिरतंच. मग कर्ली टेलची वळणाची बाजू गळाच्या टोकाच्या विरुद्ध ठेवा, म्हणजे शेपूट टोकात अडकत नाही.

दुसरं कारण रिळाचं. भरताना तंगूसची गुंडाळी ज्या दिशेने सुटते तीच दिशा रिळाला हवी; उलटी भरली असेल तर पहिल्या दिवसापासून पीळ. मोकळ्या जागी तंगूस शंभर फूट सोडा, टोकाला काही न बांधता ओढत परत गुंडाळा, बराचसा पीळ निघतो.

टांगलेल्या जिगची एक बारीक गोष्ट. क्रॅपीच्या जिगहेडचा डोळा (तंगूस ओवायचं भोक) वरच्या बाजूला असतो. गाठ बांधल्यावर ती डोळ्याच्या वरच्या मधल्या जागी सरकवा, जिग आडवा लटकला पाहिजे. गाठ पुढे नाकाकडे सरकली तर जिग शेपूट खाली टाकून उभा लटकतो, पोहणारा मासा वाटत नाही. प्रत्येक लागलेल्या माशानंतर गाठ तपासा. टांगून खेळवायचं नसेल, ओढत आणायचं असेल, तर घट्ट गाठीऐवजी लहान फासाची गाठ बांधा, डोकं मोकळं डोलतं.

आता जिताडा. हा सेट त्यासाठी वापरू नका. १००० च्या रिळाचा ब्रेक आणि ६ पाउंड म्हणजे २.७ किलोची तंगूस, याने खांबाच्या बुडापासून जिताडा वळत नाही. त्यापेक्षा:

रॉड ७ फूट, मध्यम-जड, ७ ते २८ ग्रॅम टाकणारा. रीळ ३००० किंवा ४०००. लाइन १५ ते २० पाउंडाची ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी. पुढे ३० पाउंडाचा फ्लोरोकार्बन लीडर (गळाकडचा जाड तुकडा), दीड हात. लीडर ऐच्छिक नाही. जिताड्याच्या गालाच्या हाडाची कड धारदार असते, तोंड हलवलं की बारीक तंगूस कापली जाते. शिवाय खांबांवर कालवं चिकटलेली असतात. ब्रेड आणि लीडर जोडायला डबल युनी गाठ, ती ओली करून हळू ओढायची, कोरडी ओढली तर फ्लोरोकार्बन स्वतःच्या उष्णतेने कमजोर होतो.

जिवंत कोळंबीसाठी सरकतं शिसं २० ते ४० ग्रॅम, मग मणी, मग स्विव्हल (फिरती कडी), मग ४५ सेंटिमीटर लीडर आणि २/० चा वर्तुळाकार गळ. वर्तुळाकार गळाला झटका द्यायचा नाही. लाइन चालू लागली की रॉडचं टोक खाली ठेवून रीळ फिरवत राहा, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. झटका दिला की तो तोंडातून सुटून येतो. मासा सोडायचा असेल तर हाच गळ, कारण तो घशात जात नाही.

ब्रेकचं माप डोळ्याने नको. बॅग तोलायचा हुकवाला काटा लाइनला लावून ओढा. लाइनच्या ताकदीच्या पाव भागावर ब्रेक सुटला पाहिजे. ६ पाउंडाला साधारण ०.७ किलो, २० पाउंडाला २.३ किलो. तलावात चिलापी फाटून सुटते त्याचं कारण बहुतेक वेळा घट्ट ब्रेक असतो.

मोठा जिताडा लागला तर सोडून द्या असं मी म्हणेन. हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो, म्हणजे मोठ्या त्या माद्या. अंडी खाऱ्या पाण्यात खाडीच्या मुखाजवळ घालतात आणि पिल्लं परत आत येतात.

---

कोळंबी_डॉट_खाडी

दोन सावधगिऱ्या, कारण नवा माणूस खाडीत पहिल्यांदा शिंगाळ्यालाच भेटतो.

त्याला तीन काटे असतात, एक पाठीवर आणि एकेक दोन्ही बाजूंना. करवतीसारखे आणि विषारी चिकट्याचे. पायाने दाबून गळ काढू नका, चपलेतून आरपार जातो. जाड फडक्याने पाठीमागून, बाजूच्या काट्यांच्या मागे पकडा आणि लांब नाकाच्या पकडीने गळ काढा. गळ घशात असेल तर तंगूस तोंडाशी कापा. लागलंच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवा, ४५ अंशांच्या वर नाही, अर्धा ते दीड तास. दुखणं उतरतं. मग डॉक्टरकडे जाऊन आत काट्याचा तुकडा राहिला का ते बघून घ्या आणि धनुर्वाताचं विचारा.

दुसरं खाण्याचं. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातले नाले याच खाडीत उतरतात. तळाला राहणारा शिंगाळा आणि नाल्याच्या तोंडाजवळची बोय यांना रॉकेलसारखा वास असतो तो त्यामुळेच. वास आला तर घरी नेऊ नका.

---

तिवर_रक्षक

जागेचं कुणी लिहिलं नाही. ऐरोली आणि वाशी पुलांदरम्यानचा मोठा पट्टा २०१५ पासून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात आहे, १,६९० हेक्टर, आणि २०२२ मध्ये रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं. त्या हद्दीत गळ घेऊन शिरू नका. तिवरांची जमीनही संरक्षित आहे, आत वाट पाडून जाणं चालत नाही. तलावांना मासेमारीचा ठेका असेल तर ठेकेदाराला विचारूनच टाका, आणि नवी मुंबईतल्या धारण तलावांवर पाटी वाचा. कोळीवाड्याच्या जेट्टीवर होड्यांच्या येण्याजाण्याची वेळ आणि त्यांच्या जाळ्यांच्या जागा आधी विचारून घ्या. गळ त्यांच्या जाळ्यात अडकला तर जाळं फाटतं.

तुटलेली तंगूस खिशात घालून परत आणा. पक्ष्यांच्या पायात अडकते ती हीच. आणि खाडीच्या चिखलात उतरू नका, ओहोटीला घट्ट दिसतो आणि गुडघ्यापर्यंत घेतो.

---

ऐरोलीचा_गळवाला

धन्यवाद सगळ्यांना. म्हणजे डबा तलावासाठी आणि जिताड्याला वेगळा सेट. शेवटचं: हे बारीक गळ आणि पिसांचे जिग खाऱ्या पाण्यात एकदा वापरले तर टिकतात का? आणि रबर एकमेकांना चिकटून वितळल्यासारखं झालंय.

---

तंगूस_आणि_शिसं

सोनेरी बारीक गळ खाऱ्या पाण्यासाठी नाहीत. एका रात्रीत टोकाला गंज धरतात, आणि टोक गेलं की गळ गेला. वापरायचेच असतील तर घरी आल्यावर गोड्या पाण्यात पाच मिनिटं बुडवा, फडक्याने पुसा, पंख्याखाली वाळवा आणि मग डब्यात. ओला एक गळ बंद डब्यात गेला तर शेजारचे दहा गंजतात. टोक तपासायला नखावर हलकेच ओढा. घसरला तर बोथट, अडकला तर ठीक.

पिसांचे जिग खाऱ्यात न्यायचे टाळा. मीठ वाळलं की पिसं काडीसारखी ताठ होतात आणि मॅराबूची सगळी मजा त्याच्या मऊ श्वास घेतल्यासारख्या हालचालीत असते. धुवून, ओली असतानाच बोटाने सरळ करून टांगून वाळवा.

रबर वितळलंय ते मऊ करणाऱ्या तेलामुळे. वेगवेगळ्या कंपन्यांचं आणि वेगवेगळ्या रंगांचं रबर एका कप्प्यात ठेवलं की एकमेकांना खातं आणि रंग उतरतो, काळ्याचा पांढऱ्यावर तर हमखास. कडक पारदर्शक प्लास्टिकचे काही डबेही त्याने चिकट होतात. ज्या पिशवीत आलं त्याच पिशवीत ठेवा, रंगवार. मे महिन्यात गाडीच्या डिकीत डबा ठेवू नका. शेपूट मुडपून गेलं असेल तर उकळून थोडं निवलेल्या पाण्यात दहा सेकंद बुडवा, सरळ झालं की गार पाण्यात टाका. चिकटलेलं मात्र फेका, त्याचं शेपूट पाण्यात हलत नाही.